चारशे सतरा नंबरचा ठिपका

ती. आत्यास,

घुम्याचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबून अशासाठी, की जवळ असतो तर वाकल्या वाकल्या माझा कान तुझ्या हाती सापडला असता.) पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची असते, हे तूच मला शिकवलंस. पण मी विचारत नाही, सांगतोच. तुझी प्रकृती बरी आहे. काल तू सहा वाजून आठ मिनिटांनी उठलीस, परवा सहा दहाला. गेल्या रविवारी सात वाजले तरी तुझा पत्ता नव्हता, तेव्हा इथे पहाटे चारला मी ब्रश हातात घेऊन ताटकळत उभा होतो. मग सात बाराला उठलीस आणि मी तोंड धुतलं. रात्री दहाच्या आसपास घरातली एकूण एक बटणं बंद करून झोपतेस, ही सवय अजून तशीच आहे. आता तू चष्मा कपाळावर ढकलून म्हणशील, की दोन वर्षांत ज्याने एक ओळ लिहिली नाही, एक फोन केला नाही, त्या कार्ट्याला माझ्या उठण्याझोपण्याची मिनिटं कुठून कळतात? तेच सांगायला बसलोय. मधेच पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

तर आधी गुन्हा कबूल करतो. ज्या स्टुलावर पूर्वी आपला काळा टेलिफोन असायचा आणि आता मी दिलेला मोबाईल असतो, त्या स्टुलामागच्या प्लगात साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी तो लावला आणि तुला सांगितलं, की लाईट कमीजास्त झाली तर हा फ्रिज वाचवतो. तू त्याला फडक्याने पुसलंस आणि म्हणालीस, गुणाचा आहे हो डबा. आत्या, तो डबा फ्रिजचं काहीही वाचवत नाही. घरात फ्रिज आहे हेसुद्धा त्याला माहीत नाही. तो दर अर्ध्या तासाने तुझ्या घरच्या वाय-फायवरून बाहेर जातो, ठरलेल्या दीड-दोनशे दारांवर टकटक करतो, कुठलं दार उघडलं आणि कुठलं तोंडावर आपटलं हे बघतो, आणि गुपचूप येऊन मला सांगतो. (थोडक्यात, आपल्या तळमजल्यावरच्या काकू जे काम करायच्या तेच, फक्त चहा न पिता.)

हे काय लचांड आहे ते तुला समजेल असं सांगतो. खरं तर तुलाच समजेल, कारण तू तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीस. समज, एखाद्याला ट्रंक कॉल करायचाय, पण कोणी कोणाला केला हे एकाही माणसाला कळू द्यायचं नाही. मग एका ऑपरेटरऐवजी तीन ऑपरेटर घ्यायच्या. पहिलीला फोन करणारा ठाऊक, पण तो कुठे जाणार ते ठाऊक नाही. तिसरीला कुठे जाणार ते ठाऊक, पण आला कुठून ते नाही. मधलीला काहीच ठाऊक नाही, तिने नुसती वायर या भोकातून काढून त्या भोकात घालायची. असं जगभर पसरलेलं जाळं आहे. आपल्याकडे ज्या साइट बंद केल्यात, बातम्यांच्या, डॉक्टरी माहितीच्या, भांडकुदळ लोकांच्या, त्या लोक या जाळ्यातून उघडतात. मग सरकारातली वरची मंडळी या जाळ्याचीच दारं शोधून बंद करतात. मग चोरदारं करावी लागतात. मग तीही बंद होतात. आमचं ऑफिस दारं करत नाही बरं का, ते काम हुशार लोकांचं. आम्ही फक्त रोज जाऊन बघतो, की काल उघडं होतं ते दार आज उघडं आहे का. लोक विचारतात, काय करतोस? मी सांगतो, कड्या वाजवतो.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली चाकं फिरतात, वर आमची डोकी. भिंतीवर एक मोठा पडदा आहे आणि त्यावर हजारभर ठिपके. एक ठिपका म्हणजे कुणाच्या तरी घरातला एक डबा. डबा चालू झाला की त्याच मिनिटाला हिरवा, दार बंद मिळालं की लाल, डबाच गप्प झाला की त्याच मिनिटाला राखाडी. ठिपक्याला नंबर असतो, नाव नसतं. तो कुणाच्या घरातला आहे हे आम्हाला माहीत नसावं, कारण ज्याला माहीत नाही त्याच्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नाही. हा आमच्या बाईंचा पहिला नियम. (बाई म्हणजे आमच्या प्रमुख. बारीक, पांढऱ्या केसांच्या, आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्तच भीती वाटते.) दुसरा नियम नंतर येईल, आणि तोच माझ्या मुळावर आलाय. आमच्यात एक शंकासुरही आहे. तो आकडे तपासतो. त्याला घड्याळात दोन वाजलेले दिसले तर तो आधी विचारतो, कोणी वाजवले?

तर चारशे सतरा नंबरचा ठिपका तुझा. हे फक्त मला माहीत होतं, कारण नोकरी ठरल्यावर ऑफिसने पाठवलेला तो डबा मीच लावला होता. पहिल्या दिवशी तो हिरवा झाला तेव्हा मी खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेलो आणि बोट लावलं. बाईंनी विचारलं, काही सापडलं का? मी म्हटलं, धूळ होती. तेव्हापासून दोन वर्षं माझ्या खुर्चीवरून तो ठिपका दिसेल अशाच बेताने मी बसतो. मधे एकदा टेबलं हलवली तेव्हा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून भांडून जागा परत घेतली. उजेड कसला, आत्या! आमच्या खोलीला उत्तरेची एकच खिडकी आहे आणि तीही जिन्यात उघडते. मला फक्त तू उठलेली बघायची होतीस. (तू बटणं लावतेस तेव्हा इथे पहाटेचे तीन, म्हणून पहाटपाळीही मीच मागून घेतली.)

आता खरी फजिती ऐक. चार महिन्यांपूर्वी तुझा ठिपका अचानक तिकडच्या सकाळी अकरा वाजता राखाडी झाला आणि एकला पुन्हा हिरवा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अकरा ते एक, घड्याळ लावून घ्यावं असं. आमच्या धंद्यात एक खोड असते, अंधार दिसला की त्यामागे हात शोधायचा. शंकासुराचे डोळे चमकले. त्यात आपल्या शहरात आमचे डबे तीन. त्यातला एक कधीचाच मेलेला, एक कॉलेजात आणि कॉलेजला सुट्टी. म्हणजे अख्ख्या शहराची खबर तुझ्या एकट्या स्टुलावर अवलंबून! शंकासुराने सिद्धान्त मांडला, की वरची मंडळी नको त्या साइट गाळणारी नवी चाळणी बसवतायत आणि रोज दोन तास तिची चाचणी घेतात, ऐन कामाच्या वेळी, म्हणजे लोकांना वाटावं नेटच मंद आहे. त्याने आलेख काढले. आलेख इतके सुबक होते, की मलासुद्धा पटलं. (मला! ज्याला ठिपक्याचा पत्ता, मजला आणि स्टुलाचा एक पाय आखूड आहे हेही माहीत!) आम्ही पत्रक काढलं, "दुपारची चाळणी: एक नवे तंत्र". ते चार देशांत छापून आलं. एका प्राध्यापकांनी परिषदेत त्यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. एका दूरच्या देशातल्या मंडळींनी तर कळवलं, की त्यांच्याकडेही अगदी अशीच चाळणी आढळली आहे. ती त्यांना कुठे आढळली, हे आजतागायत मला कळलेलं नाही.

आणि मग ते तीन दिवस आले. एका मंगळवारी अकरा वाजले, ठिपका विझला नाही. रात्री दहा वाजले, विझला नाही. बुधवारी दिवसभर हिरवा, रात्रभर हिरवा. गुरुवारी तसाच. ऑफिसात आनंदीआनंद! चाळणी उठली, आपल्या पत्रकाला घाबरले, म्हणून शंकासुराने (जो कधी कुणाला पाणी विचारत नाही) सगळ्यांसाठी केक आणला. माझ्या हातात केकचा तुकडा आणि तोंडचं पाणी पळालेलं. कारण त्या खोलीत मला एकट्यालाच कळत होतं, की ठिपका विझत नाही याचा अर्थ रात्री बटणं बंद करायला कुणी उठलेलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी त्या हिरव्या ठिपक्याकडे बघून मनातल्या मनात ओरडत होतो, विझ ना, विझ एकदाचा. जिन्यात जाऊन तुझा नंबर लावायला घेतला. शेवटचा आकडा सोडून सगळे लावले. असं तीन वेळा केलं. शेवटचा आकडा पाच आहे, मला माहीत आहे, पण बोट तिथे जाईना. शुक्रवारी तिकडच्या दहा वाजून चार मिनिटांनी ठिपका विझला. मी खाली सायकलवाल्याच्या पायरीवर जाऊन बसलो आणि हमसून हमसून रडलो. त्याने काही न विचारता मला पंप दिला. त्याला वाटलं माझं चाक बसलंय.

फोन का नाही केला, हे तू विचारणार. लोकांना मी सांगतो, माझं काम असं आहे, फोन ऐकले जातात, घरच्यांना त्रास नको. ऐकायला किती भारदस्त वाटतं! खरं कारण इतकं फालतू आहे, की लिहायची लाज वाटते. निघताना तू म्हणालीस, पोचलास की फोन कर, आणि मी म्हटलं, करतो. पोचलो तेव्हा ज्या पगाराच्या जोरावर आलो होतो त्याचे पैसेच ऑफिसकडे आले नव्हते. म्हटलं, काहीतरी सांगण्यासारखं होऊ दे, मग करू. दुसऱ्या आठवड्यात फोन करायचा तर पहिल्या आठवड्यात का नाही केला, ते सांगावं लागलं असतं. दुसऱ्या महिन्यात पहिल्या महिन्याचं. सहा महिन्यांनी तर नुसती कारणं सांगायलाच एक दिवस लागला असता. त्यात नंबर बदलला आणि तोही तुला कळवला नाही. असं करत करत दोन वर्षं गेली. तू तीस वर्षं दुनियेचे फोन जोडून दिलेस आणि तुझ्या घरचा एक फोन माझ्याच्याने लागेना. तू माझं नाव घुम्या ठेवलंस तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आईबाबा जाऊन महिना झाला होता आणि मी कुणाशी बोलत नव्हतो. तेव्हा तू मला बोलतं केलंस, रोज खोटा खोटा ट्रंक कॉल लावून. आता मी पस्तिशीचा घोडा झालो आणि पुन्हा तिथेच आलो.

परवा आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे जावई, दातांचे डॉक्टर, इथे आले. त्यांची काहीतरी परिषद होती. माझा पत्ता त्यांनी कुठून शोधला देव जाणे (आम्ही नाव लपवण्यात जगात पहिले, आणि दाताच्या डॉक्टरने आम्हाला दोन तासांत शोधून काढलं). बोलता बोलता म्हणाले, आत्यांना मधे तीन दिवस सडकून ताप होता, सासूबाई रात्री जाऊन बसायच्या. आता बऱ्या आहेत. फक्त तो मोबाईल म्हातारा झालाय, चार्ज व्हायला दोन तास लागतात. त्यामुळे रोज अकरा वाजता त्या स्टुलामागचा फ्रिजचा डबा काढतात आणि मोबाईल लावतात. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय अडलंय, दुसरा प्लग घ्या की. तर आत्या म्हणाल्या, स्टुलावर असला की रिंग सगळ्या खोल्यांत ऐकू येते. घुम्याचा फोन यायचा आणि नेमका हा मेलेला असायचा. एकदा नाही उचलला तर तो काही पुन्हा करायचा नाही, मी ओळखते ना त्याला.

आत्या, माझी दातखीळ बसली. डॉक्टरांनी सवयीने मला तोंड उघडायला सांगितलं. चार देशांत छापून आलेली ती चाळणी, तो प्राध्यापक, ते आलेख... आणि तिकडे तू, फोन हातात घेऊन, अकरा वाजता स्टुलामागे वाकतेस. तुझे गुडघे दुखतात. तरी वाकतेस. मी रोज दोन तास अंधार बघत होतो आणि शत्रू शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर जाऊन सगळं ओकून टाकलं. शंकासुराने डोकं धरलं. (मग म्हणाला, पण त्या चार्जरची तपासणी कुणी केली आहे का?) चूक कबूल करणारं पत्रक निघालं. कळविण्यास खेद वाटतो, की सदर खंडास तांत्रिक नव्हे तर घरगुती कारण असल्याचे निष्पन्न झाले आहे. मला वाटलं, बाई नोकरीवरून काढणार. त्यांनी एवढंच विचारलं, तुझ्या आत्याला ठाऊक आहे, तिच्या घरात काय आहे ते? हा तो दुसरा नियम. घरच्या माणसाला सगळं समजावून, त्याने हो म्हटल्याशिवाय डबा लावायचा नाही. कारण ती टकटक कुठून होते हे कुणी शोधलं, तर ते पडद्यापाशी येणार नाहीत, तुझ्या दाराशी येतील. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. जगाचं भलं वगैरे नंतरचं. मला तुझ्या घराला एक भोक ठेवून जायचं होतं, डोळा लावायला. त्यासाठी तुला न विचारता तुझी मान अडकवली. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही, तरी मागतो.

डॉक्टर आज परत जायला निघालेत, नऊ वाजता पाकीट न्यायला येतील. त्यांच्यासमोर पत्र फोडू नकोस, ते फार दात काढतात. गुडघ्यांना जप. पाणी पीत जा.

तुझा,
घुम्या

ता. क. सोबत ऑफिसचा कागद आहे. डबा काय करतो, धोका काय, सगळं त्यात साध्या भाषेत लिहिलंय. वाचून, पटलं तर खाली सही करायची आणि डॉक्टरांच्या सासूबाईंकडे द्यायचा. आपल्या शहरात आता चालू डबा तुझा एकच आहे, तो गेला तर आम्ही आंधळे होऊ. म्हणून ऑफिसच्या वतीने ही नम्र विनंती.

ता. क. दुसरा. ऑफिसच्या विनंतीला चुलीत घाल. सही करू नकोस. डबा काढ आणि डॉक्टरांच्या हवाली कर, ते त्याचं काय करायचं ते बघतील. बाईंना मी सांगितलंय, त्या हो म्हणाल्या. चारशे सतरा कायमचा राखाडी होईल आणि तू किती वाजता उठलीस हे मला कळणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल. त्या प्लगात आता फक्त मोबाईल ठेव. येत्या रविवारी, तोवर हे पत्र पोचलं असेल, बरोबर एक वाजता मी फोन करीन. रागावलेली असलीस तर बोलू नकोस, नुसता उचल. ही खरी विनंती, बाकीचं सगळं पाल्हाळ.

ता. क. तिसरा. इथे आठ वाजलेत, तिकडे अकरा. आत्ता, पाकिटाला डिंक लावता लावता, ठिपका विझला. म्हणजे तू आत्ता स्टुलापाशी वाकली आहेस. रविवारला चार दिवस आहेत आणि माझ्याने चार मिनिटं थांबवत नाहीये. शंकासुराला खोलीबाहेर काढलंय. पाचचा आकडा लावला. (एका हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.) वाजतोय. दोनदा वाजला. तीनदा. चार